रीफ टँक: चुका दगडांवर करा, कोरलवर नको

रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवायला शिकताना चुका होणारच. पण टाकीत नुसते दगड असताना क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, चुकली, तर पाणी काढून पुन्हा सुरुवात करता येते. तीच चूक कोरल असताना झाली, तर वर्षभर वाढवलेली वसाहत दोन दिवसांत पांढरी पडते. म्हणून पहिले दोन-तीन महिने हात बसवण्यासाठी ठेवा आणि जिवंत काहीही आणायची घाई करू नका.

पहिली टाकी १५० ते २०० लिटरची असावी. ४० लिटरची टाकी सोपी वाटते, पण तिच्यात एक गोगलगाय दगडाआड मेली तरी अमोनिया चढतो.

पाणी आरओ-डीआयचंच वापरा, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधूनही गाळलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर ० दाखवणारं. पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात, त्यामुळे ते पाणी चालत नाही. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट आणि सिलिकेट येतात, कधी तांबंही येतं. तांब्याची अगदी थोडी मात्राही कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांना मारते. मीठ रीफ टँकसाठी बनवलेलंच घ्या. २० लिटर पाण्याला साधारण ७५० ग्रॅम लागतं, पण अंतिम शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे क्षारता मोजणाऱ्या यंत्राचा: ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. मीठ फिरत्या पाण्यात थोडं थोडं सोडा. आधी मीठ आणि त्यावर पाणी असं केलं, की तळाच्या दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पाणी दुधाळ होतं. तो साका पुन्हा नीट विरघळत नाही, ते पाणी फेकून द्या. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर जुळवून भागत नाही, कारण शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ला दोन-तीन अंकांनी चुकू शकतं. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यानेच जुळवा.

मांडणी करताना दगड आधी थेट काचेवर पक्के बसवा आणि वाळू नंतर घाला. वाळूवर रचलेला दगड, खाली कुणी बीळ केलं की कलंडतो. १०० लिटरला ८ ते १० किलो दगड पुरे. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर आणि वेगळा थर्मोस्टॅट वापरा, तापमान २५ ते २६ अंश ठेवा. हीटर बहुधा चालू स्थितीतच अडकतो. त्या वेळी लहान हीटर टाकी उकडवत नाही, तुम्हाला लक्षात यायला वेळ मिळतो. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

आता सायकल, म्हणजे विषारी अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं. कोरड्या दगडांच्या टाकीत बाटलीतले जिवाणू सोडा आणि अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखात २ भाग) आणा. दिवे बंद ठेवा, नाहीतर शेवाळाला आयतं खत मिळतं. साधारण ३ ते ६ आठवड्यांत एक वेळ अशी येते, की २ पीपीएम अमोनिया घातला तर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होतात. हे दोनदा लागोपाठ जमलं, की सायकल पूर्ण झाली.

याच रिकाम्या काळात बाष्पीभवनाचा हिशोब शिकून घ्या. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच. २०० लिटरमधून रोज ४ लिटर उडालं आणि तीन दिवस विसरलात, तर क्षारता ३५वरून ३७च्या वर जाते. स्वयंचलित टॉप-अप लावलात तर त्याचं पिंप १५ लिटरपर्यंतच ठेवा. फ्लोट अडकून सगळं पाणी आत गेलं तरी क्षारता ३२.५च्या आसपास थांबते. कोरल आखडतात, पण बहुतेक वाचतात.

सायकलनंतर टाकी कुरूप होते. आधी डाएटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी भुकटीसारखा थर येतो. तो सिलिकेट संपलं की बहुधा आपोआप जातो, औषध घालू नका. पुढे सायनो (सायनोबॅक्टेरिया) आणि डायनो (डायनोफ्लॅजेलेट) या सूक्ष्मजीवांच्या थरांत घोटाळा होतो आणि तो महाग पडतो, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. सायनो लालसर सालीसारखा अखंड निघतो. डायनो बुळबुळीत तपकिरी धाग्यांसारखे, टोकाला हवेचे बुडबुडे धरलेले. रात्री विरळ होतात आणि दुपारपर्यंत परत दाटतात. खात्री करायची तर थोडा नमुना झाकणाच्या बरणीत टाकीच्या पाण्यात जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा बुळबुळीत गोळे झाले तर ते डायनो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेल्या टाकीत ते हमखास बळावतात. अशा वेळी पाणी बदलून टाकी आणखी ‘स्वच्छ’ करणं म्हणजे आगीत तेल. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत वर आणा, म्हणजे स्पर्धा करणारे जीव सावरतात.

मासे थेट मुख्य टाकीत सोडू नका. वेगळ्या टाकीत ४ ते ६ आठवडे ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा समुद्री आजार एकदा रीफमध्ये शिरला, की तांब्याचं औषध तिथे वापरता येत नाही. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी सुमारे ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते.

पहिले कोरल मऊ जातीचे घ्या: मशरूम, झोअँथस. झोअँथस आणि पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते माणसाला गंभीर आजारी पाडतं. कापताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. असा दगड कधीही उकळू नका, वाफ जीवघेणी ठरू शकते. प्रत्येक नवा कोरल कोरल-डिपमध्ये, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात, बुडवा आणि त्याची बैठक, म्हणजे प्लग, शक्य असेल तर तोडून टाका. किडींची अंडी डिपने मरत नाहीत आणि ती बहुतेक प्लगवरच असतात. दिवा सुरुवातीला ४० टक्क्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला ५ टक्के वाढवा. टॉर्च आणि हॅमर कोरल रात्री लांब डंखी सोंडा काढतात, त्यांच्याभोवती १५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा.

दगडी सांगाड्याचे कोरल आले की अल्कलिनिटी, म्हणजे सांगाड्यासाठी लागणारा पाण्यातला कार्बोनेटचा साठा, घटू लागते. ती डीकेएच या एककात मोजतात. डोस अंदाजाने सुरू करू नका. तीन दिवस काही न घालता रोज एकाच वेळी मोजा. समजा २०० लिटरच्या टाकीत ती ८.६ डीकेएचवरून तीन दिवसांनी ७.४ झाली, म्हणजे रोजचा खप ०.४. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणून इथे रोज २.४ ग्रॅम. सोडा आरओ-डीआय पाण्यात विरघळवून जोराच्या प्रवाहात हळू सोडा. एका दिवसात १ डीकेएचहून जास्त वाढ नको. प्रत्येक डीकेएचमागे कॅल्शियमही साधारण ७ पीपीएम खर्च होतं. ते वेगळं आणि काही तासांच्या अंतराने द्या, एकत्र दिलं तर पाण्यातच साका होतो.

काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा. दिवा, प्रवाह आणि डोस एकाच दिवशी बदलले, तर कोरल सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही. वहीत तारीख, क्षारता, तापमान, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट आणि ‘आज काय बदललं’ एवढंच लिहा. कोरलची टोकं जळल्यासारखी पांढरी दिसली, तर आधी अल्कलिनिटी बघा. ती ९च्या वर आणि नायट्रेट शून्य असेल, तर ती हळूहळू ८कडे उतरवा. पाण्याचा आठवडी बदल १० टक्के पुरतो, पण त्यावर फार विसंबू नका: २० पीपीएम नायट्रेट त्याने फक्त १८ होतं.

अ‍ॅक्रोपोरासारखे नाजूक एसपीएस (बारीक पॉलिपचे, दगडी सांगाड्याचे) कोरल, वहीत सलग तीन महिने अल्कलिनिटीचा चढउतार ०.५ डीकेएचच्या आत दिसला की आणा. तेव्हाही एकच बोटभर तुकडा आणा आणि तो दगडाला धरून पसरू लागेपर्यंत दुसरा घेऊ नका.