इलेक्ट्रिक कारला नवे टायर घालताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिक कार घेतल्यावर "आता खर्चच नाही" म्हणणाऱ्याला पहिला दणका बहुतेक वेळा टायरचा बसतो, आणि तो वाटलं होतं त्याच्या आधी बसतो. मग कंपनीच्या नावानं खडे फोडले जातात. खरं कारण गाडीतच आहे. बॅटरीमुळे ही गाडी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा बरीच जड असते, काही मॉडेलांत दोनशे किलोंहून जास्त. म्हणजे तीन धडधाकट पाहुणे गाडीत कायमचे बसलेले. त्यात पाय दाबला की मोटरचा सगळा जोर क्षणात चाकावर येतो, आणि पाय उचलला की रीजन ब्रेकिंग, म्हणजे वेग कमी करता करता बॅटरी थोडी चार्ज करणारी सोय, त्याच चाकांना मागं ओढतं. आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत ही चाकं पुढची असल्यानं पुढचे टायर गोटा होतात आणि मागचे नक्षी राखून असतात.

साईज जुळली, पण वजन?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. दुकानदार सांगतो, "साहेब, साईज तीच हाय, बिनधास्त घाला." साईज तीच असते, हे खरं. पण टायरच्या बाजूला साईजच्या पुढे अजून एक आकडा आणि एक अक्षर असतं, ते कुणी वाचत नाही. तो आकडा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलेल त्याची खूण.

२१५/६० आर १६ ही साईज घ्या. यात ९५ लोड इंडेक्सचा टायर मिळतो आणि ९९ चा, 'एक्स एल' (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा वजनाचा) शिक्क्याचाही. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५ किलो. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका चाकामागे ८५ किलोंचा फरक. पुढचं अक्षर वेगमर्यादेचं : टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर.

दुकानात जाण्याआधी ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चौकटीवरचा स्टिकर आणि जुन्या टायरवरचे आकडे यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लोड इंडेक्स मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्त हवा, कमी कधीच नको. हजार-पाचशे वाचवायला खालच्या आकड्याचा टायर घेणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

रेंजच्या नादात पकड सोडू नका

इथे माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो. इलेक्ट्रिकवाले रेंजचा फार हिशेब करतात, म्हणून कमी रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे फिरताना रस्त्याशी कमी अडणारे टायर शोधतात. असा टायर कमी ऊर्जा खातो आणि चार्जमागे थोडे जास्त किलोमीटर देतो. पण स्वस्तातल्या टायरमध्ये हा फायदा बऱ्याचदा ओल्या रस्त्यावरच्या पकडीच्या बदल्यात मिळतो. चांगल्या कंपाऊंडचा (रबराच्या मिश्रणाचा) टायर दोन्ही सांभाळतो, फक्त त्याचे पैसे मोजावे लागतात. अपोलोच्या अँपेरियनसारखे खास इलेक्ट्रिक गाड्यांसाठीचे टायरही आता भारतात मिळतात.

कोल्हापुरात राहून गगनबावडा, करूळ घाट किंवा आंबा घाटानं कोकणात ये-जा असेल, तर पकड आधी आणि रेंज नंतर. गगनबाव‌ड्याचा पाऊस कुणाला सांगायला नको. ओल्या वळणावर अचानक पाय उचलला आणि रीजन जोराच्या पातळीवर असेल, तर घासलेले पुढचे टायर घसरू शकतात. पावसात ती पातळी एक पायरी खाली ठेवलेली बरी. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर बदलूनच घ्या.

दोनच नवे घेतले, ते कुठं?

पुढचे झिजले म्हणून नवे पुढं, असं सरसकट केलं जातं. ते चुकीचं आहे. नवे दोन मागं टाका आणि मागचे बरे असलेले पुढं आणा. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचं घसरलं तर गाडी फिरते. त्याआधीच दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढं-मागं करत राहिलात, तर चारही जवळपास एकत्र संपतील.

मोठ्या रिमचा मोह टाळा, रेंज पडते. टायरवर ISI खूण आणि चार अंकी तारीख बघा : २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. नायट्रोजनचं फारसं कौतुक नको, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

गाडी जॅकवर उचलताना मात्र स्वतः जवळ उभं राहून लक्ष ठेवा. फरशीखाली बॅटरी असते आणि ट्रॉली जॅक मधेच कुठंतरी लावला तर नुकसान मोठं होतं. जॅक फक्त कडेच्या ठरलेल्या जागेवर लावायचा.

घातल्यानंतर तक्रारी

रेंज अचानक कमी झाली? नव्या टायरची जाड नक्षी सुरुवातीला जास्त ऊर्जा खाते, काहीशे किलोमीटर थांबा. तरीही फरक नसेल, तर हवा थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे भरा आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, तपासा.

ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या. गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर आतून खाते, तर अलाइनमेंट. डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा दिवा जात नसेल, तर टायर काढताना व्हॉल्व्हजवळचा सेन्सर दुखावलाय का बघा, किंवा तो गाडीच्या सिस्टिमला पुन्हा ओळखवून द्यावा लागेल.

ऊसतोडीच्या हंगामात बैलाच्या पत्रीचा (नालेचा) खिळा टायरमध्ये घुसणं नवं नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त पंक्चर किट असतं. त्यातलं सीलंट ओतल्यावर पंक्चरवाल्याला तसं आधीच सांगा, नाहीतर तो चिकटा सेन्सरवर तसाच राहतो. आतून फोम लावलेला टायर असेल, तर फोम खरवडून पॅच मारणारा माणूस शोधा, कारण सगळ्या टपऱ्यांवर ते जमत नाही.