माऊस घेताना आधी हात बघा
डीपीआयच्या (माऊस थोडा हलवला की कर्सर किती सरकतो, त्याचं माप) मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. रोजच्या कामाला साधारण ८०० ते १६०० डीपीआय पुरतो. फार वाढवला की कर्सर नुसता पळतो, नेमक्या जागी थांबवणं अवघड जातं. खरं महत्त्व आकाराला. माऊसवर हात ठेवून बघा: तळवा टेकला पाहिजे, बोटं बटणांवर सैल पडली पाहिजेत, मनगट वाकडं होता कामा नये. माऊस लहान पडला तर करंगळी टेबलावर घासत राहते आणि संध्याकाळपर्यंत हात भरून येतो. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा किंवा खास डाव्या हाताचाच घ्यावा. काचेच्या टेबलावर साधा ऑप्टिकल सेन्सर (माऊसखालचा, प्रकाशाने हालचाल टिपणारा भाग) अडखळतो, तिथे माऊस पॅड हवंच. आणि विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ (हाताच्या वेगानुसार कर्सरचा वेग बदलणारी सेटिंग) बंद करून बघा. मग हात हलेल त्याच प्रमाणात कर्सर सरकतो, अंदाज लवकर बसतो.