किल्ल्यापासून अंतर कुठून मोजायचं?

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी झाली. त्यामुळे कोणी नकाशा पुढ्यात पसरला की माझं बोट आधी मोजणीच्या आरंभबिंदूवर जातं. माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जैतापूर प्रकल्पाची आखणी झाली, 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, तेव्हापासून किनाऱ्यावरची पोरं विचारतात, "काका, विजयदुर्गापासून किती लांब?" मी उलट विचारतो, कुठून कुठपर्यंत?

हे टिपण आखणी करणाऱ्या इंजिनिअरलाही चालेल, हरकत घेणाऱ्या गावकऱ्यालाही. माझा कल विचारू नका. मोजणीवाल्याने बांधावर उभं राहायचं असतं.

तर आधी दोन्ही टोकं पक्की करा. प्रकल्पाकडचं टोक भट्टीचं केंद्र धरलंय की कुंपण? गरम पाणी समुद्रात सोडायचं तोंड, जड सामान उतरवायची जेट्टी, मजुरांची वसाहत, वीजवाहिनीचे मनोरे, हे सगळं वेगवेगळ्या जागी असतं आणि बहुतेकदा भट्टीपेक्षा किल्ल्याला जवळचं असतं. किल्ल्याकडचं टोक म्हणजेही नुसता तट नव्हे. विजयदुर्गाला समुद्रात पाण्याखाली भिंत आहे, वाघोटन खाडीत आत मराठा आरमाराची गोदी आहे. गोदी सोडून मोजलेलं अंतर मी तरी मोजणी म्हणून स्वीकारणार नाही. दोन्हीकडच्या सगळ्या बिंदूंचा तक्ता करा आणि सर्वांत कमी भरेल ते अंतर वर लिहा.

मग कायदा. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित, पुढचे 200 मीटर नियंत्रित. हद्द म्हणजे तट नाही. ती अधिसूचनेतल्या नकाशावर असते, तो नकाशा मागून घ्या. माडबन आणि विजयदुर्ग यांच्यात सरळ रेषेत काही किलोमीटर आहेत, तेव्हा हा कायदा इथे आड येत नाही. विषय मात्र तिथे संपत नाही. जुलै 2025 मध्ये विजयदुर्ग इतर अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. अशा स्थळाच्या मूल्याला बाधा येईल असं मोठं बांधकाम असेल, तर मागे फिरणं अवघड होण्याआधी सरकारने वारसा समितीला कळवावं अशी अपेक्षा असते, आणि त्यासाठी वारसा परिणाम अभ्यास करतात. तो अभ्यास पर्यावरण अहवालाच्या कार्यकक्षेत पहिल्या दिवशीच घालून घ्या. कार्यकक्षा ठरली की सल्लागार त्याबाहेरचं एक पानही लिहीत नाही.

जवळ असणं हाच गुन्हा, असंही नाही. तमिळनाडूत कल्पाक्कमच्या अणुकेंद्राच्या शेजारी डचांचा सद्रास किल्ला आहे. प्रश्न काय काय मोजलं याचा आहे.

आता सड्याकडे या, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. सातबारावर सडा पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा, असतो, म्हणून आराखड्यात तो 'ओसाड' होऊन येतो. राजापूर तालुक्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत आणि कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पावसानंतर गेलात तर गवताखाली काही दिसणार नाही. गवत वाळून गेल्यावर, फाल्गुन-चैत्रात, सकाळी सूर्य खाली असताना जा. खराटा सोबत न्या. खोदलेल्या रेघेत माती बसलेली असते. ती हलक्या हाताने झाडली की तिरप्या उन्हात रेघेची एक कड काळी दिसते आणि आकृती उठून येते. पहार, तारेचा ब्रश, खडू, काही लावायचं नाही. गुराख्याला सोबत घ्या, त्याला ठाऊक असतं. जे सापडेल त्याचा जीपीएस बिंदू, फोटो आणि गट नंबर एकाच कागदावर घ्या.

सुरुंगाचं वेगळं बघा. जैतापूरच्या खाडीपलीकडे नाटे गावात यशवंतगड आहे, जांभ्याच्या तटाचा. खाणींसाठीच्या सुरक्षा नियमांत ऐतिहासिक वास्तूंना कमी वारंवारितेच्या कंपनांची मर्यादा सेकंदाला 2 मिलिमीटर आहे. तीच मागा, आणि काम सुरू व्हायच्या आधी तटाच्या प्रत्येक भेगेचा मोजपट्टी ठेवून फोटो काढा. नंतर काढलेल्या फोटोला कोणी विचारत नाही.

दृश्याबद्दल एवढंच की समुद्राचं पाणी वापरणाऱ्या केंद्राला मोठे शीतकरण मनोरे लागत नाहीत. घुमट, चिमणी आणि वीजवाहिन्या दिसतात. त्यांची चित्रं बुरुजावरून मागा आणि होडीतूनही मागा. हा किल्ला समुद्रावर नजर ठेवायला बांधलाय.

आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र साधारण 16 किलोमीटर धरतात. विजयदुर्ग त्यात येतो. आराखड्यात जनगणनेचे रहिवासी असतात. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्यावर आलेल्या गाड्या नसतात. त्या मोजा, आणि निघायला रस्ते किती तेही लिहा.

शेवटची गोम जिल्ह्याची. प्रकल्प रत्नागिरीत, किल्ला सिंधुदुर्गात. जनसुनावणी प्रकल्पाच्या जिल्ह्यात होते, निदान 30 दिवस आधी नोटीस देऊन. गिर्ये-विजयदुर्गच्या लोकांनी "आमच्याकडे कधी?" म्हणत बसू नये. संबंध असलेल्या कोणालाही लेखी म्हणणं देता येतं. मराठी सारांश वाचा, पण नकाशे मूळ अहवालातले बघा. सारांशात ते बारीक करून टाकतात. सुनावणीला गेलात तर इतिवृत्त मराठीत वाचून दाखवेपर्यंत उठू नका. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच हात वर करा. लेखी हरकतीच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि बिंदूंचा तक्ता टाचणीने न लावता स्टेपलरच्या पिनेने जोडा. सुटे कागद फायलीतून गळतात, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलंय.