आर, पायथन, मॅटलॅब सुरू होतानाच्या या चुका टाळा

आर हे आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर. बंद करताना ते विचारतं, वर्कस्पेस (म्हणजे त्या वेळी मेमरीत असलेला सगळा डेटा आणि निकाल) सेव्ह करायची का? आणि मुलं न वाचता ‘हो’ दाबतात. माझ्या मते नवख्यांची सगळ्यात महागडी चूक हीच. त्या फोल्डरमध्ये ‘डॉट आरडेटा’ ही लपलेली फाइल तयार होते आणि पुढच्या वेळी तिथून आर उघडलं की जुने सगळे ऑब्जेक्ट परत हजर. तशी एक ओळ पडद्यावर येते, पण ती वाचतंय कोण!

नागपुरात माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. काटोलकडच्या संत्राबागांतल्या पानांच्या नमुन्यांवर तिचं काम, प्रबंध जवळजवळ तयार. तिच्या डेस्कटॉपवर स्क्रिप्ट सुरळीत चालायची, माझ्याकडे पहिल्याच मॉडेलला ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’. “दादा, माझ्याकडे तर चालते ना!” खरंच चालत होती. फाइल मोठी, वेळ वाचावा म्हणून डेटा वाचायची ओळ तिने कधीतरी कॉमेंट करून ठेवली होती. तेव्हापासून स्क्रिप्ट आरडेटातून परत येणाऱ्या आंबिया बहाराच्या जुन्याच डेटावर चालत होती. मृग बहाराचे नमुने त्यात आलेच नव्हते. एरर नाही, सूचना नाही. सगळे तक्ते नव्याने करावे लागले. शॉर्टकटवर माझा राग आहे तो यासाठी.

आरस्टुडिओत, म्हणजे आर वापरायच्या नेहमीच्या खिडकीत, टूल्स, ग्लोबल ऑप्शन्स, जनरल इथे जा. आरडेटा रिस्टोअर करण्याची टिक काढा, सेव्हच्या पुढे ‘नेव्हर’ ठेवा. मी कोणताही आकडा कुणाला दाखवण्याआधी सेशन रीस्टार्ट करून स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवतो. तास लागला तर लागू दे.

आरप्रोफाइलमध्ये, म्हणजे आर उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये, निकाल बदलणारी सेटिंग्ज टाकू नका. मजकुराच्या स्तंभांचे आपोआप फॅक्टर (म्हणजे ठरावीक गट) करण्याची सवय आरने ४.० आवृत्तीत, २०२० साली सोडली. ती कुणी आपल्या प्रोफाइलमध्ये परत चालू केली असेल, तर तीच स्क्रिप्ट दोन मशीनवर दोन उत्तरं देऊ शकते. अशी ओळ स्क्रिप्टमध्येच हवी, सगळ्यांना दिसेल अशी.

लिनक्सवाल्यांची ठरलेली चूक बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना चालणाऱ्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये. पाथमध्ये (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत) नवा फोल्डर जोडताना जुना पाथ सोबत घ्यायला विसरतात. मग नव्या टर्मिनलमध्ये फाइलींची यादी देणारं एलएस, नॅनो एडिटर, काहीच सापडत नाही आणि घाबरून थेट उबंटू पुन्हा टाकायला बसतात. अरे, थांबा जरा! यूएसआर-बिनपासून पूर्ण पत्ता देऊन एडिटर उघडा आणि ती ओळ सुधारा. मी आधी फाइलची प्रत काढतो आणि नवं टर्मिनल नीट उघडेपर्यंत जुनं बंद करत नाही.

पायथनपाथ, म्हणजे पायथनने पॅकेजेस आणखी कुठे शोधायची ती यादी, बॅशआरसीत कायमचा लिहू नका. कोंडाने प्रत्येक कामासाठी वेगळं ठेवलेलं एन्व्हायर्नमेंट कोणतंही असो, पायथन तो फोल्डर तिथल्या पॅकेजेसच्या आधी पाहतं, आणि जुनं नमपाय (गणिताचं पॅकेज) त्या फोल्डरमध्ये पडलेलं असेल तर भलतेच एरर येतात. शंका आली तर पायथन कॅपिटल ‘आय’ पर्यायाने चालवा. हा पर्याय असली व्हेरिएबल्स वाचतच नाही. एरर गेली तर चोर बहुतेक हाच.

एलडी-लायब्ररी-पाथचंही (लिनक्समध्ये प्रोग्राम आपल्या लायब्ररी फाइल्स कुठे शोधतात ती यादी) तेच, बॅशआरसीत कायमचा नको. रेणूंच्या सिम्युलेशनच्या ग्रोमॅक्सची जीएमएक्सआरसी ही सेटिंग्जची फाइल लागेल त्या टर्मिनलमध्येच सोर्स करा, म्हणजे तेवढ्यापुरती चालवा.

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरचा पाथ बिघडला तर आधी ‘रिस्टोअरडिफॉल्टपाथ’ ही आज्ञा द्या, फोल्डर हाताने उडवणं नको.

विंडोजवर सेटएक्स या कमांडने पाथ वाढवू नका, १,०२४ अक्षरांपुढचं ते कापून टाकतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतूनच करा.