रेयॉनची कुर्ती पिळू नका
रेयॉन म्हणजे नायलॉनसारखंच काहीतरी असं बऱ्याच जणींना वाटतं, पण ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं आणि मेन गोष्ट म्हणजे ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, सुती कापडाच्या एकदम उलट. म्हणून धोपटणं, ब्रश, पिळणं सगळं बंद! गार पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट, ५-१० मिनिटं, हलक्या हाताने दाबायचं बस. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी नको, पांढरट थर बसतो. मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात तर अजिबात टाकू नका, रंग उडतो, सावलीत उलटी करून खाटेवर आडवी पसरा, दोरीवर लटकवली तर ओल्या वजनाने लांबते.