मायक्रोआरएनएचं टार्गेट आधी वहीत शोधा, मग टूलमध्ये

एमएस्सीचे ज्युनियर प्रोजेक्टला लागले की पहिल्याच आठवड्यात टार्गेटस्कॅन (टार्गेट सुचवणारी वेबसाइट) उघडतात, मायक्रोआरएनएचं (जीनचा निरोप नेणाऱ्या मेसेंजर आरएनएला चिकटून त्याचं प्रोटीन कमी करणारा छोटा आरएनए; ज्या जीनला दाबतो तो त्याचं टार्गेट) नाव टाकतात, शेकड्याने जीन्सची लिस्ट येते आणि ती एक्सेलमध्ये घेऊन रंगवत बसतात. आणि हा जीन यात का आलाय असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच, आयुष्यात एक टार्गेट तरी स्वतःच्या हाताने काढा, पेन, वही आणि ब्राउझर पुरे, तासाभराचं काम आहे.

सरावाला लेट-७ घ्या आणि टार्गेट म्हणून माणसाचा एचएमजीए-२ जीन. लेट-७ हा छोटा आरएनए गॅरी रुव्हकुन (२०२४ च्या नोबेलमधले दोघांपैकी एक) यांच्या लॅबने २००० साली एका मिलिमीटरभर लांबीच्या अळीत दाखवला, आणि तोच, अक्षरांसकट, माणसातही आहे. मायआरबेस या मायक्रोआरएनएच्या डेटाबेसवरून लेट-७ए चा (माणसातला तो हाच) सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांची ओळ, घ्या. मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं:

यू जी ए जी जी यू ए जी यू ए जी जी यू यू जी यू ए यू ए जी यू यू

२२ अक्षरं. यातलं दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचं गोल करा: जी ए जी जी यू ए जी. याला सीड म्हणतात. आरगोनॉट नावाचं प्रोटीन हा छोटा आरएनए पोटात धरून फिरतं, आणि मेसेंजर आरएनए चाचपायला मुख्यतः हाच भाग पुढे काढून ठेवतं, त्यामुळे बाकीची अक्षरं नीट जुळली नाहीत तरी बरेचदा काम भागतं.

आता हा सीड उलटा लिहा (दोन धागे जुळतात ते उलट दिशांनी) आणि मग जोडीदार लिहा, ए ला यू, जी ला सी. उलटा केला की जी ए यू जी जी ए जी, त्याचा जोडीदार सी यू ए सी सी यू सी. उलटा करायला विसरू नका हो! मी विसरलो होतो. नुसता जोडीदार लिहून सी टी सी सी ए टी सी शोधत बसलो, माझ्या जीनमध्ये एक जागा सापडली पण, संध्याकाळी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सीनियरने वही बघून शांतपणे विचारलं, फाइव्ह प्राइम (म्हणजे आरएनएचं सुरुवातीचं टोक) कुठल्या बाजूला आहे रे?

पुढे एनसीबीआय या जीन्सच्या डेटाबेसवर एचएमजीए-२ चा मेसेंजर आरएनए काढा. व्हेरिएंट (एकाच जीनचे वेगवेगळे मेसेंजर) बरेच दिसतील आणि सगळ्यांचा शेवटचा भाग सारखा नाही, म्हणून मेन सिलेक्ट (प्रमाण म्हणून निवडलेला) लिहिलेला घ्या. प्रोटीनचा कोड जिथे संपतो तिथून पुढचा भाग म्हणजे थ्री प्राइम यूटीआर, आपल्याला तोच हवाय, साधारण ३ हजार अक्षरांचा आहे. इथे दोन खड्डे आहेत. एक, डेटाबेसमध्ये यू च्या जागी टी असतो, त्यामुळे शोधायचं सी टी ए सी सी टी सी. दुसरा जास्त त्रासदायक, एनसीबीआयच्या जेनबँक पानावर दर दहा अक्षरांनंतर स्पेस असते, आणि फास्टा फॉरमॅटमध्येही ओळी तुटलेल्या असतात, म्हणजे तुमची साईट (सीडला जुळणारी जागा) दोन ओळींत विभागली गेली की कंट्रोल-एफ ला ती दिसतच नाही. नोटपॅडमध्ये टाका, स्पेस आणि ओळी काढून सगळं एक सलग करा, मग शोधा.

सी टी ए सी सी टी सी झालं की टी ए सी सी टी सी ए पण शोधा. ही दुसरी साईट म्हणजे सीडची सहाच अक्षरं अधिक शेवटी एक ए, तो ए छोट्या आरएनएशी जुळत नाही, आरगोनॉट स्वतः त्याला पकडतं. दोन्ही एकाच जागी मिळाल्या की आठ अक्षरांची साईट, सगळ्यात दणकट.

आता वहीच्या कोपऱ्यात छोटा हिशोब करा. सात अक्षरांचा ठरावीक शब्द योगायोगाने सरासरी १६,३८४ जागांमध्ये एकदा येतो (चारचा सातवा घात), म्हणजे ३ हजार अक्षरांत दोन्ही शब्द मिळून अर्धासुद्धा अपेक्षित नाही. आणि या यूटीआरमध्ये लेट-७ च्या ७ साईट आहेत! काही ट्यूमरमध्ये क्रोमोसोम नेमका असा तुटतो की हा यूटीआरच गळून जातो, मग लेट-७ ला धरायला काही उरत नाही आणि एचएमजीए-२ वाढतं, २००७ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं.

तुमच्या स्वतःच्या जीनमध्ये मात्र बहुतेक एकच साईट निघेल, आणि तिथेच घाई होते. स्टॉप कोडॉननंतरच्या (प्रोटीनचा कोड संपल्याची खूण) पहिल्या पंधराएक अक्षरांत असेल तर सोडून द्या, प्रोटीन बनवणारा रायबोसोम तिथे येऊन बसतो. आजूबाजूला ए आणि यू ची गर्दी असेल तर चांगलं. उंदीर, कोंबडी यांच्यात तीच साईट टिकलीये का बघा. आणि मायक्रोआरएनए व जीन एकाच पेशीत असतात का हे तर आधी बघा, मिर-१२२ हा मायक्रोआरएनए लिव्हरचा आहे, त्याचं टार्गेट मेंदूत शोधून काय उपयोग.

परिणामही फार मोठा धरू नका. सीड जुळलं की मेसेंजरची पॉली-ए शेपटी (शेवटची ए ची लांब माळ) कुरतडली जाते, सुरुवातीची टोपी निघते, मग तो संपतो, हे खरं, पण एका साईटने प्रोटीन बहुतेक वेळा निम्म्यानेही कमी होत नाही. पंख्याचा रेग्युलेटर पाचवरून चारवर आणल्यासारखं. वेस्टर्नमध्ये (प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) बँड गायब झाला नाही म्हणून रडू नका.

वहीत सगळं जमलं की ल्युसिफरेजचा (चमक देणारं एन्झाइम) प्रयोग: यूटीआर ल्युसिफरेजच्या मागे जोडा, मायक्रोआरएनए द्या, चमक कमी होते का मोजा. मग सीडच्या साईटमधली दोन-तीन अक्षरं बदलून तेच परत करा, चमक वर आली पाहिजे. ती बदललेली प्लाझ्मिड (हा जोडलेला डीएनए ज्यात असतो ते डीएनएचं गोल कडं) पहिल्याच दिवशी ऑर्डर करा, आम्ही नंतर बघू म्हणालो आणि दोन महिने तिच्याच वाटेला डोळे लावून बसलो.