तिच्या पातळांची वाकळ

ही गेली तेव्हा ट्रंकेत चौदा पातळं निघाली. तेराव्याला वाटून टाकू म्हणून बहिणीनं गठ्ठा बांधायला घेतला. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये, म्हणून ती माझ्याशी भांडलीसुद्धा. मी तरी वाकळीसाठी, म्हणजे गोधडीसाठी, चार काढून घेतली. तुमच्याही मनात असं काही असेल तर घरात आधीच बोला. एकदा वाटलेली पातळं परत मागता येत नाहीत.

शालू-पैठणी लेकीसुनांना द्या. वाकळीला रोजची सुतीच हवीत, धुऊन धुऊन मऊ पडलेली. नायलॉन सुईखाली सरकतं. माझ्या चारांत एक मळ्यात नेसायचं, एक निऱ्यांपाशी स्टोव्हनं भाजलेलं, एक हळदीच्या डागाचं, आणि एक मी पहिल्या बोनसमधून आणलेलं निळं. डाग घालवू नका. भोकाला ठिगळ द्या, पण त्याच पातळाचं. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती : धुतल्यावर तिचा वास जातो. धुण्याआधी रुमालाएवढा तुकडा कापून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता माप. पातळ साधारण 18 फूट लांब, पावणेचार फूट रुंद. पदराकडचे 3 फूट कापून बाजूला ठेवा. उरलेल्या 15 फुटांचे दोन तुकडे करून लांबीत दंड घाला, म्हणजे काठाला काठ जोडून शिवा, की साडेसात फुटी चौकोन होतो. एका माणसाला 5 फूट रुंदी पुरते, म्हणून अडीच फुटांची पट्टी उतरवा. दोन पातळांच्या दोन पट्ट्या जोडल्या की तिसरा थर तयार. चार पातळांचे असे सहा थर झाले. दंड एकावर एक येऊ देऊ नका, तिथं सुई अडते.

तीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलेल्या हाताला सुई धरायला शेजारच्या आक्कांनी शिकवलं. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर थर पसरा, कोपऱ्यांवर विटा ठेवा. मधून बाहेर सुरकुत्या सारत आधी लांब लांब कच्चा दोरा घाला. घाईत मी हे टाळलं आणि मधोमध फुगा आला. आठवड्याचं काम उसवावं लागलं. मग कडा आत दुमडून काठापासून धावदोरा सुरू करा, आणि ओळीला ओळ धरून चौकोनात फिरत आत या. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर पुरे. दोरा सुती, जाड, मेण लावलेला. बोटात अंगुस्ताना घालाच.

रोज दुपारी दोन तास बसलो, अडीच महिने लागले. कोणी मदतीला आलं तर येऊ द्या. आक्का टाके घालता घालता हिच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, त्यातल्या निम्म्या मला ठाऊक नव्हत्या. बहीण चौथ्या आठवड्यात आली, काही न बोलता सुईत दोरा ओवून दिला आणि संध्याकाळपर्यंत बसली.

ओली वाकळ फार जड होते. वर्षातून एकदाच धुवा, दोघांनी मिळून पिळा.

बाजूला ठेवलेल्या चार पदरांचं एक दुपटं होतं. लेकीला सातवा महिना आहे. ते तीच शिवते आहे, मी फक्त कच्चा दोरा घालून दिला.